लोक हळू बोलतात

५ जानेवारी २०२५, रविवार

ही डायरी दामिनीने दिली. डिसेंबरात अकोल्याहून आली होती तेव्हा म्हणाली, "बाबा, तुमी कोनाशी बोलत नाही, तं लिहा तरी." इतके दिवस नुसती टीव्हीवर ठेवलेली होती. आज सुट्टी, म्हणून बसलो.

पौर्णिमाला जाऊन चार महिने होतील. गणपती बसले त्या आठवड्यात गेली. हार्ट. ती स्वयंपाकघरात होती, मी समोरच्या खोलीत बातम्या पाहत होतो. तिने हाक मारली नाही. मारली असती तर मी उठलोच असतो, मध्ये एक भिंत तर आहे.

तेव्हापासून एक गोष्ट पाहतो आहे. लोक माझ्याशी हळू बोलतात. दूधवाला, शेजारचे, बँकेतली मुलगी, सगळे ओठातल्या ओठात. दुःखाच्या घरच्या माणसाशी कोणी मोठ्याने बोलत नाही, हे मला समजतं. मीही तसंच करतो. पण आता नेहमीसारखं बोलायला हरकत नाही. सांगायला मात्र बरं वाटत नाही.

दामिनीसुद्धा फोनवर हळू बोलते. तिला सातवा लागला आहे, दम लागत असेल. ब्लड प्रेशर वाढतं, डॉक्टरांनी आराम सांगितला आहे. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं हे पौर्णिमा असतानाच ठरलेलं. ती नाही म्हणून माहेर नाही असं होत नाही. माझी मोठी बहीण जयवंता रिद्धपूरला असते, ती येऊन राहणार आहे. मागची खोली मी रिकामी केली. शिलाई मशीन तेवढं तिथेच राहू दिलं.

८ जानेवारी, बुधवार

फोनचा आवाज फार कमी झाला आहे. आज ड्युटीवरून येताना दाखवला. त्या माणसाने ब्रशने जाळी साफ केली आणि म्हणाला की स्पीकर बरोबर आहे. त्याने लावून दाखवलं तेव्हा बाजूचे दोघं वळून पाहत होते. मला काही फरक वाटला नाही.

माझे कान चांगले आहेत, हे इथे लिहून ठेवतो. नांदगाव पेठेच्या कारखान्यात मी लूम खात्यात सुपरवायझर आहे. शेडमध्ये सगळे माग एकदम चालतात, तिथे तोंडाने ओरडून उपयोग नाही. धागा तुटला तर दोन बोटांची कात्री करून दाखवायची, मेकॅनिक पाहिजे तर मूठ पिळायची, साहेब येत असले तर कॉलरला हात लावायचा. बाकीचं समोरच्याच्या ओठांवरून कळतं. पहिले अकोल्याच्या सूतगिरणीत होतो, तिथेही हेच. उभा जन्म आवाजात गेला, आणि मला तिथे कोणाला कधी दोनदा विचारावं लागत नाही. मग दोष फोनचाच.

पौर्णिमा होती तेव्हा फोन तीच घ्यायची आणि मग मला सांगायची. तिला एक सवय होती. कोणी माझ्याशी काही बोललं की लगेच ती तेच पुन्हा म्हणायची. "थे म्हणून राहिले का, सोमवारी या." मी म्हणायचो, मी इथंच बसलो आहे ना, ऐकलं मी. तरी चालूच. लग्नाकार्यात तर मला लाज वाटायची, लोक म्हणत असतील हिच्याशिवाय याचं पान हलत नाही.

फूटपाथवरून कानात घालायच्या वायरी घेतल्या. उद्या लावून पाहतो.

१२ जानेवारी, रविवार

दामिनीचा फोन आला. त्या वायरी लावूनच बोललो. नुसती खरखर, जसं कोणी डब्यात तोंड घालून बोलतं. ती आज बरंच बोलली. 'आई' ऐकू आलं, 'सासूबाई' ऐकू आलं, 'खोली' की 'ओली' असं काहीतरी. बोलणं ऐकू येतं, शब्द ऐकू येत नाहीत. दोनदा "काय?" म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणवलं नाही, तिला दम लागतो. शेवटी तिचा आवाज वर गेला आणि ती थांबली, म्हणजे काहीतरी विचारलं असावं. मी म्हटलं, "हो बेटा. तुले बरं वाटते तसंच करू."

मला वाटलं फोन कटला, पण चालू होता. मग "बरं" म्हणाली आणि ठेवून दिला.

मागच्या वेळी तिने खोलीच्या भिंतींना पोपडे आले म्हणून सांगितलं होतं. तेच विचारत असेल, रंग द्यायचा का म्हणून. शनिवारी फिकट हिरवा आणून ठेवतो. पौर्णिमाला तो आवडायचा.

तिला सरळ सांगता आलं असतं की ऐकू आलं नाही. पण तिची सासू मैनाबाई आहे. ऑक्टोबरात भेटायला आली तेव्हा माझ्या, व्याह्याच्या, तोंडावरच म्हणाली, "इवाईले दहा खेपा म्हणा तवा एक खेप पोचते." सगळे हसले. मीही हसलो. आता फोनचं कारण सांगितलं तरी ती म्हणेल, अशा घरी माझी सून कशी पाठवू. तिला कारण द्यायचं नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. आपल्याकडे यंदा काही नाही. शेजारच्या बाई वाटीत तिळगूळ ठेवून गेल्या, काहीतरी म्हणाल्या, मी मान हलवली.

दुपारी दामिनीने व्हॉट्सअॅपवर आवाजाचा मेसेज पाठवला. लांब आहे. तीन वेळा ऐकला. पहिला शब्द 'बाबा', तो स्पष्ट आहे. पुढे एका ठिकाणी ती हसली की रडली ते कळत नाही. तेवढाच भाग मी पुन्हा पुन्हा लावून पाहिला. फोनवर सूचना येते की जास्त आवाजाने कानांना इजा होऊ शकते. मी ओके दाबतो. तरी कळत नाही.

शेडमध्ये शाकीब म्हणून मुलगा आहे, त्याला ऐकायला देऊ का असा विचार आला. नको. पोरीचं खाजगी बोलणं आहे.

१६ जानेवारी, गुरुवार

काल दामिनीने लिहून विचारलं, "बाबा मेसेज ऐकला का". मी लिहिलं, "हो". ऐकला तर होताच. तिने वाचल्याची निळी खूण आली. मग काही आलं नाही. आजही नाही.

ड्युटी सुटल्यावर ऑटोने अमरावतीच्या राजकमल चौकात गेलो. तिथल्या गल्लीत नियाजचं दुकान आहे. हा नियाज आमच्या शेडमध्ये होता, तेव्हा मिसरूड फुटलं नव्हतं त्याला. आता मोबाईलचं सामान विकतो, पोट सुटलं आहे. मला पाहून काउंटरवरून उठला.

"काकाजी, काकी गेल्याचं समजलं. येनं झालं नाही, माफी." हे त्याने समोर उभं राहून म्हटलं म्हणून कळलं. मग खाली वाकून खोकी काढायला लागला आणि काय काय बोलत राहिला. मी काही बोललो नाही तेव्हा वर आला, माझ्याकडे पाहिलं, आणि एकदम शेडमधल्यासारखे हात करून विचारलं, काय पाहिजे. मला फार बरं वाटलं. इतक्या वर्षांनी त्याच्या ते लक्षात आहे.

मी सांगितलं, चांगल्यातला हेडफोन, आवाज मोठा पाहिजे, तीन हजारांपर्यंत.

त्याने गळ्यात अडकवायचा एक दिला. "हा नेकबँड, पोट्टे हाच नेतात. छाती हलवते." खरंच हलवली. गाणं लावलं तर ढोल डोक्यात वाजला, गाणारा मात्र कुठेतरी मागे. मला वाटलं हेच पाहिजे, घेऊन आलो. घरी दामिनीचा मेसेज लावला. आवाज मोठा झाला. शब्द नाही झाले. आता पोरगी विहिरीतून बोलते आहे असं वाटतं.

१८ जानेवारी, शनिवार

सहा दिवस फोन नाही. मी लावला तर जावयाने, कुलदीपने, उचलला. त्याचा आवाज जाड आहे, कळतो. "मामाजी, ती झोपली आहे. बीपी थोडा वाढून राहिला दोन दिवसांपासून." मी विचारलं, कशाने. तो मग म्हणाला, "टेन्शन घेते." कशाचं टेन्शन, ते मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. मी म्हटलं, रंगाचा डबा आणला आहे, तिला सांगा. तो म्हणाला, "कशाचा?" मग म्हणाला, "बरं, सांगतो."

पोरीचं काहीतरी बिनसलं आहे आणि ते त्या मेसेजमध्ये आहे. मला ते ऐकायला पाहिजे. दुसरं काही सुचत नाही. जेवण झालं नाही नीट.

१९ जानेवारी, रविवार

सकाळी एका भिंतीला रंग दिला. बाकीच्या तशाच ठेवून नियाजकडे गेलो. नेकबँड परत ठेवला. त्याने विचारलं, "काकाजी, गानं ऐकाचं हाय का बोलनं?"

"बोलनं."

"मंग पह्यलेच सांगाचं ना. धमधम येगळं अन् बोलनं येगळं. बोल्याले बारीक आवाज साफ पाह्यजे, अन् कान पुरा झाकला पाह्यजे, नाही तं बाहेरचं सारं आत येते." त्याने कानांवर पूर्ण बसणारे चार-पाच काढून ठेवले. बिनवायरचे दोन मी बाजूला केले, चार्जिंगची भानगड नको. एक इतका घट्ट होता की कानशिलं दुखली. एकाची गादी प्लॅस्टिकची, घाम सुटला. तो प्रत्येक वेळी गाणं लावत होता. मी म्हटलं, राहू दे, मी माझं लावतो.

हेडफोनमध्ये फक्त आपल्याला ऐकू येतं, म्हणून मी दामिनीचा मेसेज लावला. आवाज पूर्ण. थोडं जास्त कळलं. 'वर्ष', 'आई असती', 'आत्या'. डोळे मिटून ऐकत होतो. उघडले तेव्हा दुकानातल्या दोन मुली माझ्याकडे पाहत होत्या आणि नियाज पाठ करून उभा होता, शेल्फवरची खोकी उगाच इकडची तिकडे करत होता. मग आतल्या खोलीत गेला. आला तेव्हा त्याच्या हातात वायरवाला एक काळा हेडफोन होता, कापडी गादीचा.

"हा न्या. बजेटमंदी येते. पैसे मागून द्या." त्याने माझा फोन घेतला, आवाजाच्या सेटिंगमध्ये जाऊन जाड आवाज खाली केला, बारीक वर. मग माझ्यासमोर येऊन नीट तोंड दाखवून म्हणाला, "घरी जाऊन ऐका काकाजी. आजच ऐका. अन् कानाच्या डॉक्टरले एक खेप दाखवा, माह्या अब्बालेही मशीन हाय."

मला राग आला. मी हेडफोन घ्यायला आलो होतो, सल्ला नाही. पण वाद घातला नाही. त्याला दुकान बंद करायची घाई असेल, मला ऑटोपर्यंत सोडायला आला.

संध्याकाळी

ऐकला. हा हेडफोन चांगला आहे. दारं लावून, पंखा बंद करून, एकेक वाक्य थांबवून ऐकलं आणि जसं कळलं तसं लिहितो.

"बाबा, मी फोनवर नुसतं विचारून पाह्यलं होतं, बाळंतपणाले इकडंच राहू का म्हणून. सासूबाई म्हणत होत्या का त्या घरी वर्ष झालं नाही, बाईमाणूस नाही, नको जाऊ. मले वाटलं तुमी म्हणसान, काहून, हे तुह्यं घर नाही का. तुमी तं लगेच हो म्हणले. आई असती तं..."

इथे ती रडते. हसत नाही.

"जाऊ द्या. तुमाले एकट्याले कठीणच आहे, मले समजते. आत्याले सांगून द्या, येऊ नका म्हणून. आईच्या सुती साड्या तेवढ्या बांधून ठेवा, बाळाच्या दुपट्यांले. हे येऊन घेऊन जातीन."

ऐकला का विचारलं तेव्हाही मी हो लिहिलं.

फोन लावायला घेतला आणि ठेवला. फोनवर पुन्हा काय होईल ते सांगता येत नाही. सकाळच्या पहिल्या एसटीने जातो. साड्या पेटीतून काढल्या होत्या, परत ठेवल्या. बाळ इथे येणार असेल तर साड्या तिथे कशाला न्यायच्या.

२० जानेवारी, सोमवार

अकोल्याला पोचलो तेव्हा मैनाबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मला पाहून पदर सावरला. "इवाई, फोन न करता आले. बरं हाय ना सारं?" हे त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या म्हणून कळलं.

दामिनी आत पलंगावर होती. पाय सुजलेले. माझ्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. मी बसायला खुर्ची घेतली नाही. रस्त्याने काय बोलायचं ते ठरवलं होतं, मूर्तिजापूरपर्यंत ठरवत होतो, ते सगळं गेलं. मी म्हटलं, "बेटा, मले ऐकू नाही आलं."

ती तशीच.

"त्या दिवशी तू काय विचारलं ते मले ऐकू नाही आलं. मी तसाच हो म्हणलो. मेसेजही काल समजला, नवा हेडफोन आणला तेव्हा. मले वाटलं तू रंगाचं विचारून राहिली."

आता ती वळली. "कोनत्या रंगाचं?"

"खोलीच्या. एक भिंत झाली."

ती माझ्या हातांकडे पाहत होती. नखांत हिरवा रंग राहिला होता, एसटीत लक्षात आलं नव्हतं. तिने माझं बोट धरलं आणि नखाने तो खरवडायला लागली. बराच वेळ खरवडत राहिली.

मैनाबाई दाराशी येऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं असावं. त्या चिडल्या नाहीत, ते मला जास्त कठीण गेलं. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. "इवाई, म्या मजाक करत होती तवा, आता मजाक नाही करत. राती पोरीनं हाक मारली अन् तुमाले नाही आयकू गेली, मंग? तुमच्या घरी एक खेप..." आणि थांबल्या. मी खाली पाहिलं. मला त्या वेळी एवढंच कळलं की त्या काहीतरी गिळून बसल्या.

मी म्हटलं, जयवंताबाई राहणार आहे. त्या म्हणाल्या, "थ्या राहतीन. बाप तं तुमीच ना." मग उठल्या आणि चुलीकडे जाता जाता, पाठमोऱ्या, काहीतरी म्हणाल्या.

मी मान हलवणारच होतो. दामिनीने माझं बोट दाबलं.

"बाबा, थ्या म्हणून राहिल्या का, पह्यले कान दाखवा, मग सुनेले न्या."

ती हे म्हणाली तशी खोलीत पौर्णिमा बोलल्यासारखं झालं. तेच शब्द, तीच मान थोडी पुढे. दामिनीला ते लक्षात आलं नसेल. मी ऐकलं असं म्हटलं नाही. "बरं," म्हटलं.

२३ जानेवारी, गुरुवार

अमरावतीच्या एका दवाखान्यात गेलो. एका छोट्या बंद खोलीत बसवलं, मध्ये काच. कानावर हेडफोन दिला, नियाजकडच्यापेक्षा जड, आणि हातात बटन. शिटी ऐकू आली की दाबायचं. काचेपलीकडे एक मुलगी होती. मी बटन धरून तपासणी सुरू व्हायची वाट पाहत बसलो. ती काहीतरी लिहीत होती. मी खूण केली, सुरू करा. तिने हात दाखवला, थांबा. खूप वेळाने बारीक शिटी आली, मी दाबलं. मग दोन-चार आल्या. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "झालं काका." मला वाटलं होतं अर्ध्याच्या वर अजून राहिलं आहे.

दोन्ही कान. डॉक्टर म्हणाले की हे आजचं नाही, मागांच्या आवाजाने वर्षानुवर्षं होत आलं असेल. मी म्हटलं, शेडमध्ये तर सगळं ऐकू येतं. ते म्हणाले, "तिथं तुमी ऐकत नाही, पाहता." मशीन बसेल. मोठ्या आवाजात हेडफोन लावायचा नाही, राहिलं तेही जाईल.

मग लोक हळू बोलत नव्हते.

घरी येऊन स्वयंपाकघरात उभा राहिलो. तिथून दारातून समोरच्या खोलीतला टीव्ही दिसतो. जे मनात आलं ते इथे लिहीत नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

चार दिवसांपूर्वी मशीन मिळालं. काल कुलदीप दामिनीला सोडून गेला. मैनाबाई स्वतः सोबत आल्या होत्या. आल्या आल्या माझ्या मागे जाऊन हळूच म्हणाल्या, "इवाई, चहा ठेवा." मी चहा ठेवला. त्यांनी आणखी काही विचारलं नाही, पिशवीतून डिंकाचे लाडू काढले. जयवंताबाई परवाच आली आहे. ती इतक्या मोठ्याने बोलते की मला मशीन काढून ठेवावं लागतं.

घरात किती आवाज आहेत. नळ गळतो. पंखा कुरकुरतो. दामिनी मागच्या खोलीत कूस बदलते तेव्हा पलंग वाजतो, आणि मी प्रत्येक वेळी उठतो. हेडफोन खोक्यात ठेवून दिला. नियाजचे पैसे दिले. त्याने मला काही विचारलं नाही, फक्त मूठ पिळून दाखवली, मेकॅनिककडे गेले का. मी मान हलवली.

सकाळी दूधवाला फाटकाशी आला, सायकलवरूनच म्हणाला, "काका, उद्या येत नाही, लग्न आहे." स्पष्ट ऐकू आलं, लग्नसुद्धा. दामिनी पायरीवर उन्हात बसली होती, मांडीवर आईची साडी, दुपट्यासाठी कापत होती. तिने मान थोडी पुढे केली.

"बाबा, थो म्हणून राहिला का, उद्या येत नाही. लग्न आहे."

मी म्हटलं, "अस्सं का."